साल

चौदा बाटल्या. आईने मोजून ओट्यावर मांडल्या,
मग मी मोजल्या, म्हणून तिने परत मोजल्या.
मी लक्झेंबर्गात बस चालवतो,
वाइनमधलं मला काय कळतं.

फोनवर एवढंच म्हणाली होती : "बुचं दमली. ये."
सत्तावीस वर्षांनी बुचंही दमतात.
एकीच्या गळ्याशी काळा ओघळ वाळलेला,
बाकीच्यांची पातळी गळ्यावरून खांद्यापर्यंत उतरलेली,
आजारी माणसाची कॉलर सैल होते तशी.

ही बुचं बाबांनी आणली होती.
बाबा बुचाच्या ओकांची साल काढायचे, उन्हाळाभर,
अलेंतेझुतल्या दुसऱ्यांच्या रानांत.
कुऱ्हाड सालीत शिरायची आणि तिथेच थांबायची.
आत लाकडाला ओरखडा नाही.
(घरात मात्र हात इतका मोजून पडायचा नाही.)
सोललेलं खोड लाल, ओलसर,
आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा :
साल काढल्याचं साल.
फक्त शेवटचा आकडा. दशक ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं.
मग नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही.

बुचं ठोकायचं यंत्र एर्मिनियुचं,
अंधाराआधी परत हवंय म्हणाला, आणि सोबत एक बाटली.
नवी बुचं कोमट पाण्यात तरंगतायत,
आई त्यांना बोटाने बुडवते, ती परत वर येतात.

पहिलं जुनं बूच अख्खं निघालं. दुसऱ्याचा भुगा झाला,
तो मलमलीतून गाळला.
आई प्रत्येक बाटलीला नाक लावते, बोलत नाही, पुढे सरकवते.
सातवीला थांबली. "व्हिनेगर," म्हणाली,
आणि ती सिंकखाली ठेवून दिली. टाकत ती काहीच नाही.

आता उरलेल्या भरायच्या, गळ्यापर्यंत,
आत हवेला बसायला जागा नको.
आणि भरायच्या तर एक मोडायला हवी,
मोठी नोट मोडतात तशी.

एकीच्या गळ्यात लाल लोकर बांधलेली होती.
ती कशाची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.
बाबांनी गाठ मारताना मी समोर उभा होतो, चोवीस वर्षांचा :
"ही तुझ्या लग्नाची."
परवा मला एक्कावन्न पूर्ण झाली.

आईने लोकर कात्रीने कापली नाही,
नखांनी गाठ सोडवत बसली, बराच वेळ.
मग माझ्याकडे न बघता
सगळ्या बाटल्यांत ती ओतली, थोडी थोडी,
शेवटी शेवटी चमच्याने.

तळाशी उरली कपभर, गाळासकट.
आधी ती प्यायली, मग मी.
चव? लोखंडाची, सुक्या अंजिराची,
आणि शेवटी काहीतरी, ज्याला मी नाव शोधत होतो
तेवढ्यात आई म्हणाली,
"तुझा तो योस. लाल पितो की पांढरी?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं नाव घेतलं.
"बियर पितो," मी म्हणालो.
"शिकेल," म्हणाली,
आणि एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

यंत्राचा दांडा मी दाबला. बारा वेळा.
प्रत्येक बुचाचा एक छोटा उसासा, मग गप्प.

विहिरीजवळचा आमचा ओक याच उन्हाळ्यात सोलला,
त्याच्यावर आठ होता, मग सात, मग सहा,
आता पाच, अजून कोरा पांढरा.
त्याच डब्यातला रंग काडीवर घेऊन
आई बाटल्यांच्या खांद्यावर आकडा काढू लागली.
"वाइनचं साल घालायचं की बुचाचं?" मी विचारलं.
तिने पाच काढला. पुढच्या बाटलीवर पाच.

पुढचा चार. तेव्हा ती ब्याऐंशीची, मी साठ,
हे तिने मोजलं असणार. ती सगळंच दोनदा मोजते.
"ऊठ," म्हणाली, "एर्मिनियु वाट बघत असेल."
मी यंत्र खांद्यावर घेतलं.
रंग ओला होता, म्हणून त्याची बाटली
हातभर लांब धरून नेली.